एक वारंवारता की दोन : मोजणीचा रिसीव्हर निवडताना

जमिनीच्या मोजणीसाठी उपग्रहांचे संदेश घेणारा रिसीव्हर एका वारंवारतेचा स्वस्त संच घ्यावा की दोन वारंवारतांचा महाग, हा निर्णय आपल्याकडे आकाश पाहून घ्यावा लागतो. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळातील थुंब्याच्या आसपासून जाते. तेथे दिवसा वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तर महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशावरील आयनांबरात (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरात) दाटतात. यातून दोन निरनिराळे त्रास उद्भवतात आणि खरेदीच्या वेळी त्यांची हमखास गल्लत होते.

पहिला त्रास विलंबाचा. उपग्रहाच्या एल-१ वारंवारतेवरील (१५७५.४२ मेगाहर्ट्‌झ) संदेशापेक्षा एल-५ (११७६.४५ मेगाहर्ट्‌झ) संदेश आयनांबरात सुमारे १.८ पट रेंगाळतो आणि या फरकावरूनच दोन वारंवारतांचा संच विलंब काढून टाकतो. बेस, म्हणजे ज्ञात बिंदूवर ठेवलेला स्थिर रिसीव्हर, काही किलोमीटर दूर असेल, तर हा लाभ निर्विवाद आहे. बेस त्याच शिवारात असेल, तर दोन्ही टोकांचा विलंब जवळपास सारखाच असतो आणि स्वस्त संचानेही काम भागते.

दुसरा त्रास लुकलुकण्याचा, म्हणजे संदेशाची ताकद झपाट्याने वरखाली होण्याचा, आणि माझ्या मते खरी कसोटी हीच आहे. सूर्यास्तानंतर आयनांबराचा खालचा थर झपाट्याने विरतो, वरचा दाट थर उंच चढतो आणि त्याच्या तळातून विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर घुसतात. मार्चअखेरीस रात्री साडेआठला रोव्हरच्या (फिरत्या रिसीव्हरच्या) पडद्यावर पाहावे : ४५ डेसिबलच्या आसपास स्थिर असलेला एखाद्या उपग्रहाच्या संदेशाच्या ताकदीचा आकडा अचानक पंचविशीत कोसळतो, सावरतो, पुन्हा कोसळतो आणि ‘फिक्स’चे (अचूक स्थानाचे) ‘फ्लोट’ (ढोबळ स्थान) होते. येथे दुसरी वारंवारता तारत नाही. उलट सौम्य लुकलुकीत एल-५ वरील चढउतार एल-१ च्या सुमारे दीडपट असतात. नाविक या भारतीय उपग्रहप्रणालीच्या एस पट्ट्यावर (२४९२.०२८ मेगाहर्ट्‌झ) ते एल-१ च्या निम्म्यावर येतात, परंतु मोजणीचे संच सर्रास एल-१, एल-५ यांच्या एल पट्ट्यावरच चालतात.

बुडबुडे एका वेळी आकाशाचा काही भागच व्यापतात. म्हणून जीपीएसबरोबर गॅलिलिओ, ग्लोनास आणि बायडू या इतर देशांच्या उपग्रहप्रणालीही घेणारा संच अधिक टिकाव धरतो, कारण चार उपग्रह सुटले तरी पुरेसे उरतात. संध्याकाळचे काम टाळता येत नसेल, तर वाढीव पैसे यासाठी मोजावेत. ते टाळता येत असेल, तर सौर डाग वाढलेल्या वर्षांत मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमधील मोजणी सूर्यास्तापूर्वी आटोपावी.