आजीच्या बायबलची बांधणी: बदललेला अभिप्राय

याच कामाबद्दल मी आधी एक तारा देऊन चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांत ‘खोटारडा’ आणि ‘बेफिकीर’ हे दोन शब्द होते. ते मी काढले आहेत. तक्रार काढलेली नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आजीचं बायबल या बांधणीवाल्यांकडे दिलं होतं. शिवण सुटलेली, पाठ उसवलेली, सुरुवातीची पानं मोकळी. आजी वाचता वाचता समासात बारीक पेन्सिलने लिहायची: तारखा, आजारी माणसांची नावं, कुठे नुसतंच प्रश्नचिन्ह. म्हणून पुस्तकासोबत चिठ्ठी दिली, ‘कडा कापू नका’. ठरलेल्या दिवशी पुस्तक आलं नाही. तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. शेवटी आलं तेव्हा तिन्ही कडा मशीनवर कापून गुळगुळीत केलेल्या होत्या. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायाशेजारी, म्हणजे कुसळ-मुसळाच्या वचनांपाशीच, आजीच्या ओळींची शेवटची अक्षरं गेली आहेत. अगदी काठाला लिहिलेल्या एका नावाचं पहिलं अक्षर तेवढं उरलंय. ती प्रार्थना कोणासाठी होती, ते आता कळायचं नाही.

बाकी काम मात्र फार चांगलं आहे. चिकटवून वेळ मारून नेलेली नाही, रीतसर जुजबंदी केली आहे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे एकेक करून दोऱ्याने शिवले आहेत. घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावून मग दोऱ्याने शिवलंय. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कुठेही उघडा, पुस्तक सपाट पडून राहतं. पाठीला गव्हाची खळ वापरली आहे. पुढे कधी पुन्हा उसवायची वेळ आली तर ती पाण्याने सुटते.

पहिला अभिप्राय लिहिला त्याच रात्री, प्रार्थनेत दिवसाची उजळणी करताना अडकले. माझ्याजवळ पुरावा कशाचा होता? चिठ्ठी दिलेली, कडा कापलेल्या, फोन न उचललेले. एवढाच. एखाद्याला खोटारडा ठरवायचं तर त्याच्या मनात काय होतं ते ठाऊक हवं, आणि ते मला दिसत नव्हतं. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिकवणीत, परिच्छेद १८६१ मध्ये, हाच फरक केला आहे: एखादं कृत्य गंभीर अपराध आहे असं आपण म्हणू शकतो, पण माणसाचा निवाडा देवाच्या न्यायावर आणि दयेवर सोपवायचा. पाप प्राणघातक, म्हणजे सर्वांत गंभीर, ठरायला बाब गंभीर असावी लागते, ती पूर्ण जाणून केलेली असावी लागते आणि तिला मनापासून संमती असावी लागते. यातली पहिली गोष्ट बाहेरून दिसते. बाकीच्या दोन आत असतात.

मत्तयाचा तोच सातवा अध्याय ‘दोष काढू नका’ या वचनाने सुरू होतो. त्याचा अर्थ पुष्कळ जण ‘गप्प बसा’ असा घेतात. मला तो कधीच पटला नाही. त्याच अध्यायात येशू पुढे फळांवरून झाड ओळखायला सांगतो. आणि भावाच्या डोळ्यातलं कुसळ तसंच राहू दे, असंही तो म्हणत नाही. आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे नीट दिसेल, मग त्याचं काढ.

मला खरं टोचलं ते मत्तय १८:१५-१७. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याला सांग. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. मी पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या आणि थेट जगाला सांगितलं, तेही एकही अक्षर त्यांच्याशी बोलण्याआधी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला. या वेळी उचलला. विचारलं, “चिठ्ठी वाचली होतीत का?”

“वाचली होती, ताई. पण शिवण झाली की कडा सरळ करायच्या, ही इतक्या वर्षांची सवय. पातं खाली आलं आणि मग आठवलं.”

“मग कळवलं का नाही?”

“धीर झाला नाही.”

म्हणजे ‘बेफिकीर’ तर मुळीच खरं नव्हतं. पण चूक झाल्यावर गप्प राहणं ही दुसरी चूक आहे, आणि ती मी इथे नोंदवते आहे. कारण कळलं म्हणून अक्षरं परत येत नाहीत.

त्यांनी सगळी मजुरी परत देऊ केली. मी अर्धी घेतली, शिवणीची त्यांच्याकडेच ठेवायला सांगितली. क्षमा केली म्हणजे नुकसान झालंच नाही असं धरून चालणं मला जमत नाही. बायबलमधल्या जक्कय या जकातदारानेही, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देईन म्हटलं होतं. मात्र येशू त्याच्या घरी उतरायला निघाला तो त्याआधीच.

जुजबंदीला पाच तारे, कापणीला एक, कळवण्याला एक. इथे एकच आकडा देता येतो, म्हणून तीन दिले आहेत. तुमच्या पुस्तकाच्या समासात काही लिहिलेलं असेल तर नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका. देण्याआधी पानांचे फोटो काढून ठेवा आणि शिवण झाली की कापण्याआधी फोन करायचं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. आईचं स्तोत्रांचं पुस्तक मी त्यांच्याकडेच देणार आहे, असंच ठरवून.