२,७१९ रुपयांची शनिवार संध्याकाळ: मल्टिप्लेक्स, एकपडदा आणि घरचा सोफा

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका मॉलमधील मल्टिप्लेक्समध्ये गेल्या महिन्यात एका शनिवारी आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई, एक नवा हिंदी चित्रपट पाहून आलो आणि घरी आल्यावर मी सवयीप्रमाणे खर्च वहीत उतरवला. तिकिटे प्रत्येकी ३२० प्रमाणे १,२८० रुपये, ऑनलाइन आरक्षणाचे सुविधा शुल्क करासह १८८ रुपये ८० पैसे, पॉपकॉर्नचा मोठा टब ४९०, दोन शीतपेये ५२०, दोन समोसे १८० आणि गाडीचे पार्किंग ६०. एकूण २,७१८ रुपये ८० पैसे, तेही पेट्रोल न धरता. चित्रपट बरा होता; त्याविषयी इथे लिहायचे नाही. लिहायचे आहे ते या बिलाविषयी आणि त्याच्या बदल्यात मिळालेल्या सेवेविषयी.

सगळा दोष तिकिटाच्या माथी मारणे मला पटत नाही. शंभर रुपयांहून महाग तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो, त्यामुळे ३२० रुपयांतले जवळजवळ ४९ रुपये आधीच सरकारजमा होतात. उरलेल्या २७१ रुपयांची वाटणी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ साली झालेल्या मोठ्या संघर्षानंतर जे सूत्र ठरले त्यानुसार धरली, तर पहिल्या आठवड्यात निम्मी रक्कम वितरकाकडे जाते. पुढच्या आठवड्यांत हा वाटा साडेबेचाळीस, साडेसदतीस आणि तीस टक्के असा उतरत जातो. म्हणजे आम्ही पहिल्याच शनिवारी दिलेल्या प्रत्येक तिकिटामागे चित्रपटगृहाच्या हाती सुमारे १३५ रुपये राहिले, आणि त्यातूनच मॉलचे भाडे, वीज आणि पगार भागवायचे. पॉपकॉर्नमध्ये मात्र वितरकाचा वाटा नसतो आणि त्यावर करही पाचच टक्के असतो. एवढे लक्षात घेतले, की खाद्यपदार्थांच्या काउंटरवर पाच माणसे तत्परतेने उभी असताना तिकीट खिडकीवर एकच मुलगा का दिसतो, याचे नवल वाटत नाही. आमच्या बिलात तिकिटे १,२८० रुपयांची आणि खाणे १,१९० रुपयांचे होते.

सुविधा शुल्काबद्दल मात्र माझी तक्रार आहे. राज्य शासनाने २०१३ आणि २०१४ साली आदेश काढून चित्रपटाच्या ऑनलाइन तिकिटांवर असे शुल्क आकारण्यास मनाई केली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, त्या मनाईला कायद्याचा आधार नाही या कारणावरून, ते आदेश रद्द केले. न्यायालयाचे म्हणणे रास्त असेल, पण ग्राहक म्हणून मला एवढेच दिसते, की आसन मी निवडले, पैसे मी भरले, तिकीट माझ्या फोनवर आले, छापण्याचा कागदही वाचला, आणि या सगळ्या सुविधेचे माणशी ४७ रुपये २० पैसे मलाच मोजावे लागले. खिडकीवर तिकीट काढले तर हे पैसे वाचतात, परंतु शनिवारी संध्याकाळी चौघांना सलग जागा मिळेल या भरवशावर कोणी मॉलपर्यंत जात नाही.

आता आत शिरतानाचा प्रसंग. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे त्यांच्या पिशवीत राजगिऱ्याचा लाडू असतो. शिवाय सांगलीचे माहेर असल्यामुळे भडंगाची एक पुडी असतेच. सुरक्षारक्षक महिलेने अत्यंत आदबीने दोन्ही वस्तू बाहेर काढल्या, लाडू औषधासारखा आहे हे ऐकून परत पिशवीत ठेवला, आणि भडंगाची पुडी मात्र मागच्या फळीवर ठेवून आम्हाला एकोणिसाव्या क्रमांकाचे प्लास्टिकचे टोकन दिले. देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तशी ती पुडी बाकीच्या डब्यांशेजारी अडीच तास बसून राहिली. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा चित्रपटगृहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला आहे, त्यामुळे त्या बाईंचे काहीच चुकले नाही. त्याच प्रकरणात पिण्याचे पाणी विनामूल्य उपलब्ध असण्याची आणि तान्ह्या बाळाचे खाणे आत नेऊ देण्याची अपेक्षाही न्यायालयाने स्पष्ट केली होती. पाणी आम्हाला मिळाले. फक्त ते स्वच्छतागृहाच्या बोळात कोपऱ्यातल्या कूलरला होते, पेल्यांची नळी रिकामी होती, आणि काउंटरवर पेला मागितल्यावर तिथल्या मुलाने आधी बाटलीबंद पाण्याकडे बोट दाखवले. दुसऱ्यांदा मागितल्यावर दिला.

प्रत्यक्ष सभागृहाला मी पूर्ण गुण देईन. पडदा उजळ, आवाज स्पष्ट, खुर्च्यांत पाय मोकळे राहतील इतकी जागा, आणि थंडी शालीशिवाय सोसवेल इतपतच. जाहिरातींचे तसे नाही. तिकिटावर ६.४० ही वेळ छापलेली होती आणि चित्रपटाची पहिली चौकट ७.०४ वाजता उमटली. मधली चोवीस मिनिटे सोने, सिमेंट, गृहप्रकल्प आणि आगामी चित्रपटांच्या झलका पाहण्यात गेली. बंगळूरुच्या एका प्रेक्षकाने अशाच पंचवीस मिनिटांसाठी ग्राहक आयोगाकडे दाद मागून २०२५ च्या फेब्रुवारीत भरपाईचा आदेश मिळवला होता, परंतु पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच राज्याने पुढे तिकिटावर कर वगळून २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली, तीही सप्टेंबरात न्यायालयात अडकली.

घरी पाहणे स्वस्त पडते हे खरे, पण लोक समजतात तितके फुकट नाही. आमचा त्रेचाळीस इंची टीव्ही ३६,००० रुपयांचा. तो सहा वर्षे चालेल असे धरले तर वर्षाचे ६,००० झाले. नेटफ्लिक्सचे महिना ४९९ प्रमाणे वर्षाला ५,९८८ रुपये होतात. हाच प्लॅन डिसेंबर २०२१ पूर्वी ६४९ रुपयांचा होता, म्हणजे तिकिटे चढत असताना ही एक गोष्ट उतरली. प्राइमचे १,४९९ रुपये भरूनही जून २०२५ पासून मध्येच जाहिराती येऊ लागल्या आणि त्या हटवण्यासाठी वर्षाला आणखी ६९९ रुपये मोजावे लागतात. इंटरनेट शाळा आणि कार्यालय यांसाठी लागतेच म्हणून ते सोडून देते. सगळे मिळून वर्षाला १४,१८६ रुपये, म्हणजे साधारण सव्वापाच शनिवार. जे कुटुंब वर्षातून दोनदाच चित्रपटगृहात जाते त्याने तीन-तीन सदस्यत्वे घेऊन आपण काटकसर करतो आहोत असे मानू नये.

पैशांपलीकडे घरचा एक लाभ आहे, ज्याची किंमत मला सासूबाईंमुळे कळली. त्यांना अलीकडे कमी ऐकू येते. टीव्हीवर खाली संवादांची अक्षरे उमटतात, त्यामुळे त्यांना कथा धरून ठेवता येते. मल्टिप्लेक्समध्ये आवाज इतका मोठा असूनही संवाद त्यांना लागत नव्हते आणि मध्यंतरात सगळी गोष्ट मला कानाशी सांगावी लागली. नुकसान मात्र दुसऱ्या बाजूने होते. घरी आम्ही जो चित्रपट पाहायला घेतला तो तीन रात्रींत संपला. पहिल्या रात्री कुकरची शिट्टी, मग इस्त्रीवाल्याची बेल, मग लेकीचे प्रकल्पाचे पुठ्ठे. दुसऱ्या रात्री यजमान झोपले. तिसऱ्या रात्री शेवट पाहताना खलनायक कोणाचा भाऊ होता हेच कोणाला आठवेना. मॉलमध्ये मोजलेल्या रकमेतला मोठा भाग, मला वाटते, फोन खिशात ठेवून अडीच तास एका जागी बसवले जाण्याचा मोबदला आहे. शिवाय थांबण्याचाही प्रश्न आहे: हिंदी चित्रपट ओटीटीवर येण्याआधी आठ आठवड्यांचे अंतर असावे हा मल्टिप्लेक्सचा आग्रह बहुतेक वेळा पाळला जातो, आणि बरेच मराठी चित्रपट तर त्याहून कितीतरी उशिरा येतात.

मराठी चित्रपटासाठी आम्ही त्यानंतर पंधरा दिवसांनी पेठेतल्या एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहात गेलो. मल्टिप्लेक्सने त्याच चित्रपटाला सकाळी दहाचा एकुलता खेळ दिला होता; दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठीला पडदा मिळावा म्हणून २०१५ साली शासनाने घातलेल्या नियमाची आठवण अशा वेळी येते. इथे बाल्कनीचे तिकीट १३० रुपये, खिडकीवर रोख, शुल्क शून्य. मध्यंतरात खारे दाणे, चहा आणि पॉपकॉर्न मिळून १६० रुपये, स्कूटरींचे २० रुपये. चौघांचे ७०० रुपये झाले. भडंग कोणी अडवले नाही. खुर्चीचा एक हात निखळलेला होता, पंख्यांचा आवाज शांत प्रसंगांत पडद्यावर मात करत होता, आणि स्वच्छतागृहाबद्दल न बोललेले बरे. तरीही चारशे माणसे एकदम हसली तेव्हा सासूबाई संवाद ऐकू न येताही हसल्या.

या तिकिटदरामागचे एक गणित गमतीचे आहे. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर पाचच टक्के कर लागतो. शंभराचे तिकीट विकले तर करानंतर ९५ रुपये २४ पैसे उरतात, आणि ११० चे विकले तर ९३ रुपये २२ पैसे. म्हणजे दर शंभराच्या थोडा वर नेण्यात मालकाचे नुकसानच आहे; एक तर त्याने शंभरावर थांबायचे, नाही तर ११३ च्या पुढे उडी मारायची.

आमच्यापुरता निर्णय असा झाला आहे. ज्या चित्रपटाला मोठा पडदा खरोखर लागतो तो त्याच मल्टिप्लेक्समध्ये, पण मंगळवारी. मागच्या मंगळवारी तेच आसन १४९ रुपयांना मिळाले, खिडकीवर रांग नव्हती आणि आम्ही घरून जेवून गेलो होतो. मागून तिसरी रांग घ्यावी, पहिल्या चार रांगांत मान अवघडते. छापील वेळेनंतर वीस मिनिटांनी पोहोचले तरी काही चुकत नाही. मराठी चित्रपट पेठेत, पहिल्याच आठवड्यात, कारण दुसऱ्या आठवड्यात तो तिथे असेलच असे नाही. प्राइमचे जाहिराती हटवण्याचे ६९९ रुपये या वर्षी मी भरलेले नाहीत. जाहिरात लागली, की कुकर बंद करून येता येते.