तीन दिवसांत पिंपल्स घालवणारी पांढरी डबी

पिंपल्सवर लावलेल्या क्रीमने तीन-चार दिवसांत चेहरा लख्ख झाला तर खूश होऊन दुसरी डबी मागवू नका. ती डबी घेऊन आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा. आमच्या घरात जे घडलं ते कोल्हापुरात आणखी किती घरांत चालू असेल, या काळजीनं हे लिहिते आहे.

माझी भाची शिवाजी विद्यापीठात शिकते, राहायला आमच्याकडे राजारामपुरीत. हनुवटीवर आणि गालांवर पिंपल्स, वयाला साजेसेच. पण तिच्या भावाचं लग्न ठरलं आणि येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा "चेहऱ्याला काय झालं ग?" विचारू लागला. त्यातच भिशीतल्या एका वहिनींच्या ओळखीनं 'आयुर्वेदिक पिंपल किट' घरी आलं. विकणाऱ्या बाई स्वतःला स्किन एक्स्पर्ट म्हणवतात. दुकान नाही, प्रदर्शनात स्टॉल लावतात, बाकी सगळा व्यवहार मोबाइलवर. किंमत १,८५० रुपये. फेसवॉश, सीरम आणि रात्री लावायची एक पांढरी डबी. बिल मागितलं तर उत्तर आलं, "अवो ताई, घरचाच माल हाय, बिल कशाला?"

पहिल्या आठवड्यातच चेहरा असा साफ झाला की शेजारणी डबीचा नंबर मागायला लागल्या. लालसरपणा गेला, रंगही उजळला. लग्न पार पडलं, डबी संपली, आणि मग दोन-तीन दिवसांत चेहरा पेटला. गाल लालबुंद, साधं पाणी लागलं तरी आग, कपाळावर जिथं कधी पिंपल येत नव्हते तिथं बारीक पुरळ. "मावशी, उन्हात उभं राहवत नाही ग," म्हणत पोर गॅलरीतून आत पळायची.

बाईंना फोटो पाठवले. त्यांचं म्हणणं, "आतली घाण बाहेर पडतीय, घाबरू नका. आता डबी सोडली तर उलट होईल, दुसरी लगेच सुरू करा." खरी फसवणूक इथं आहे. पहिली डबी विकणं एकवेळ अज्ञान म्हणता येईल, दुसरी विकायची ही युक्ती मात्र पक्की ठरलेली दिसते, कारण दुसरी डबी लावली की आग खरोखरच थांबते. गिऱ्हाईक म्हणतं, बघा, बाई बरोबर सांगत होत्या!

त्वचेच्या डॉक्टरांनी चेहरा बघून एकच विचारलं, "किती दिवसांत गेले होते पिंपल्स?" उत्तर ऐकून त्यांनी निदान सांगितलं: डबीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही नावं लक्षात ठेवा. ही औषधं वाईट नाहीत, इसब किंवा सोरायसिसला डॉक्टर ती मोजून देतात. पण चेहऱ्यावर रोज चोळली तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि थांबवलं की सगळं दुपटीनं उसळतं. स्टेरॉइड सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून लाली जाऊन रंग उजळल्यासारखा वाटतो. तेलानं आणि मेलेल्या पेशींनी बुजलेलं छिद्र मात्र आत तसंच राहतं. कुकरची शिट्टी बोटानं दाबून धरण्यातला प्रकार. या प्रकाराचे इतके रुग्ण देशभर येतात की त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेला त्यासाठी वेगळी मोहीम चालवावी लागली, आणि २०१८ साली सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. बिननावाच्या डबीला कसली चिठ्ठी आणि कसलं काय.

'घाण बाहेर पडते' यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते पटतं. पिंपल्सवर लावायची अ‍ॅडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइनसारखी औषधं सुरू केली की त्वचेच्या पेशी लवकर बदलतात आणि आत दबलेले पिंपल्स पहिल्या काही आठवड्यांत वर येतात. पण ते औषध *सुरू केल्यावर* होतं, सोडल्यावर नाही. आणि बहुधा जिथं नेहमी पिंपल्स येतात तिथंच येतात, नव्या जागी नाही. लेबलवर असं काही औषधच नसताना कुणी हे कारण सांगत असेल तर फोन ठेवून द्या.

आता किटच्या बाकीच्या दोन बाटल्या. त्यांच्यात धोका कमी, पण लबाडी भरपूर. सीरमवर पुढं कडुलिंब, तुळस, चंदनाची चित्रं आणि मोठ्या अक्षरांत सॅलिसिलिक अ‍ॅसिड. मागचं लेबल भिंग घेऊन वाचलं. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांचा नियम असा की एक टक्क्याच्या वरचे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे, त्याखालचे कसेही. फिनॉक्सीइथेनॉल हे रसायन माल टिकवण्यासाठी घालतात, ते साधारण एक टक्क्याच्या वर नसतं. म्हणजे यादीत ते दिसलं की पुढचं बहुतेक सगळं चिमूटभर समजायचं. आमच्या सीरमात कडुलिंब, तुळस, चंदन तिघंही त्याच्या नंतर, सुगंधाच्याही मागं. सॅलिसिलिक अ‍ॅसिड खरंच काम करतं, पण अर्धा ते दोन टक्के लागतं, आणि या बाटलीवर टक्केवारीच नव्हती. फेसवॉशवरही सॅलिसिलिक अ‍ॅसिडच लिहिलेलं. आपण तो अर्ध्या मिनिटात धुऊन टाकतो, चेहऱ्यावर राहणार किती?

'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' या शिक्क्याचा मला विशेष राग आहे. कोणी तपासलं, किती जणांवर, निकाल काय लागला, यातलं काहीच त्यात येत नाही. 'नॉन-कोमेडोजेनिक'लाही, म्हणजे छिद्रं बुजवत नाही या दाव्याला, कायद्यात ठरलेली कसोटी नाही. 'शंभर टक्के नैसर्गिक' तर सोडाच, बिब्बाही नैसर्गिक आहे, लावून बघा. बाईंच्या आधी-नंतरच्या फोटोंत आधीचा उजेड बाजूनं पडलेला, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याची सावली दिसते, आणि नंतरचा समोरून. केसही मागं बांधलेले. हे एकदा ध्यानात आलं की पुढची जाहिरात बघताना हसू येतं.

खरे उपाय कंटाळवाणे आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अडीच टक्क्यांचंही चालतं. दहा टक्क्यांनी फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. त्यानं टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, तेव्हा जुने वापरा. अ‍ॅडापॅलीन डॉक्टरांच्या सल्ल्यानं, गरोदरपणात नाही. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. भाचीला आधी यातलं काहीच मिळालं नाही. फक्त साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, पोटात घ्यायच्या गोळ्या, आणि चेहरा शांत व्हायला कित्येक महिने. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, त्वचेचा विभाग आहे, लाजू नका.

डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारीख, यातलं एक जरी नसेल तरी ती परत करा. आमच्या डबीवर फक्त कमळाचं चित्र होतं. असं काही घडलंच तर उरलेलं क्रीम डबीसकट ठेवा, यूपीआयची नोंद आणि मोबाइलवरचं बोलणं जपून ठेवा. नमुना तपासण्याचं काम अन्न व औषध प्रशासनाचं आहे, आणि पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आम्ही दोन्हीकडे तक्रार दिली. बाईंनी आम्हाला ब्लॉक केलं.

पुढच्या भिशीत मी हे सगळं सांगितलं तेव्हा दोघींनी पर्समधून तीच कमळाची डबी काढली. एक जण वांगावर लावत होती. दुसरीनं ती सुनेला दिलेली, तान्ह्या बाळाला लंगोटाच्या जागी पुरळ आलं म्हणून. बाळाची कातडी पातळ, औषध आत जास्त शिरतं. तिला चहासुद्धा घेऊ दिला नाही, रिक्षात बसवून बाळाच्या डॉक्टरकडे पाठवलं.