सात महिन्यांनंतर : २,८०० रुपयांचा स्कॅनर आणि मी त्याला उगाच घातलेल्या शिव्या

गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणाऱ्या या स्कॅनरला जुलैत एक स्टार दिला होता, आज चार करतोय. पाचवा देणार नाही, कारण स्क्रीन. परभणीच्या उन्हात तिच्यावर आपल्याच मिशा दिसतात, कोड काही दिसत नाही. त्यात वायर वीतभर. स्टिअरिंगखाली मान घालायची, डोक्यावरून गमजा ओढायचा, मग वाचायचं. शेजारचे विचारतात, गाडीत कामून लपता?

तर जुलैत एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, मॉड्यूल (एअरबॅग चालवणारा कंट्रोल बॉक्स) गेलं, ३२ हजार. मी घरी येऊन स्कॅनर लावला. इंजिन ठीक. एबीएसमध्ये, म्हणजे ब्रेकच्या कंट्रोलमध्ये, कोड यू०१५१, म्हणजे एअरबॅग मॉड्यूलशी संपर्क तुटला. आणि स्कॅनरवर एअरबॅगचा मेनू उघडायला गेलं की 'कम्युनिकेशन फेल'. मला वाटलं, डबडं माथी मारलं, हे एअरबॅग वाचतच नाही. त्याच रात्री एक स्टार.

वसमत रोडचे आमचे इलेक्ट्रिशियन हसले. "भाऊ, हा खोटं नाही बोलत. मॉड्यूलच मुकं बसलंय, हा वाचील काय?"

त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह काढली, दहा मिनिटं चहा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मीटर लावायचा नाही, फुगा अंगावर फुटू शकतो, हे दोनदा बजावलं. मग स्कॅनर लावतो त्याच सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत ओहम मोजले : ६०. गाडीतले मॉड्यूल ज्या तारांवरून आपसात बोलतात त्या कॅन लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात, दोन्ही मिळून ६०. म्हणजे कॅनच्या तारा शाबूत. बॅटरी परत जोडली, फ्यूजवर १२ व्होल्ट आले. राहिली अर्थिंग.

कार्पेट उचललं तर खाली ओला फोम, कुबट वास आणि अर्थिंगच्या बोल्टवर हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखी. चावी चालू करून बॅटरीची निगेटिव्ह आणि त्या वायरचं टोक यांच्यात मोजलं. शून्याजवळ पाहिजे, दाखवले ९ व्होल्टच्या वर. पाणी कुठलं? एसीचं. ड्रेन पाइपात कुंभारमाशीनं चिखलाचं घर बांधलेलं! बोटाएवढी मातीची कांडी निघाली, आत अळी.

बॅटरी काढून बोल्ट पॉलिश पेपरनं घासला, आवळला, व्हॅसलीन लावलं. मजुरी ३५० रुपये. आता स्कॅनरवर एअरबॅगचा मेनू मुकाट उघडला, कोड पुसला, दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझतो. तीन आठवडे बायको-पोरीला घेऊन मी जिंतूरला ये-जा करत होतो आणि धडक झाली असती तर एकही फुगा उघडला नसता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

स्क्रीनबद्दल कंपनीला मेल टाकला होता. उत्तर आलं, 'सावलीत वापरा'. मे महिन्यात परभणीला या म्हणावं, सावली दाखवा.