शेवाळाच्या कॅप्सूल आणि न छापलेले आयोडीन

आत्याच्या थायरॉइड कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर कॉलेज रोडवरील एका दुकानातून मी तपकिरी समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलची डबी आणली. झाकण उघडताच सुक्या बोंबलासारखा वास येतो, पण तो सोसता येईल. वेष्टनावर ‘फ्युकॉइडन’ (तपकिरी शेवाळातील एक शर्करायुक्त घटक) हा शब्द ठळक छापला आहे. आयोडीनचे प्रमाण मात्र कुठेच नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. प्रौढांना दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते; शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या थायरॉइड पेशी मारणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारापूर्वी तर एक-दोन आठवडे ते ५० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, कारण आयोडीनला आसुसलेल्या पेशीच ते औषध नीट शोषून घेतात. अशा वेळी आयोडीनने भरलेले शेवाळ पोटात जाणे म्हणजे उपचारावर पाणी फिरवणे. “नैसर्गिक आहे, ताई,” एवढेच विक्रेत्याचे उत्तर. समुद्राने औषधे दिली आहेत, हे खरे: स्पंज या समुद्री प्राण्यातील रेणूंवरून बेतलेले सायटाराबिन हे औषध १९६९ पासून रक्ताच्या कर्करोगावर मान्यताप्राप्त आहे, पण ते रुग्णांवरील चाचण्यांतून पार पडले, तर फ्युकॉइडनची थायरॉइडबाबतची मजल अजून मुख्यतः प्रयोगशाळेतील पेशींपर्यंतच आहे. डॉक्टरांनी वेष्टन पाहताच डबी बंद करायला सांगितली. दुकानदाराने पैसे परत केले नाहीत.