बिलावर थर्मोस्टॅट, गाडीत नुसती प्लेट

ऑइल कूलरच्या, म्हणजे इंजिन ऑइल गार करणाऱ्या रेडिएटरसारख्या जाळीच्या, कामात एक फसवणूक अशी आहे की ती झाल्यावर गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. माझ्या टर्बो गाडीत ती झाली, म्हणून लिहितोय.

गाडी अधूनमधून ट्रॅकवर जाते, एरवी रोजच्या रस्त्यावर. ट्रॅकवर ऑइलचं तापमान १३० अंशांपुढे सरकायला लागलं तेव्हा कूलर बसवायचं ठरवलं. ट्यूनिंगवाल्याला बजावून सांगितलं होतं, सँडविच प्लेट थर्मोस्टॅटवालीच हवी. ही प्लेट इंजिन ब्लॉक आणि ऑइल फिल्टर यांच्या मध्ये बसते. तिच्यातला थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली कुपी. हे मेण साधारण ८० अंशांच्या आसपास वितळून फुगतं आणि दांडा पुढे ढकलतं. त्यामुळे थेट फिल्टरकडे जाणारी जवळची वाट बंद होते आणि ऑइलला कूलरमधून फिरूनच यावं लागतं. तोवर बहुतेक ऑइल परस्पर फिल्टरकडे जातं. थोडीशी धार मात्र मुद्दाम कूलरकडे सोडलेली असते, म्हणजे नळ्यांत हवा अडकून राहत नाही आणि पुढे थंडगार ऑइल एकदम इंजिनात येत नाही.

बिलात कूलर, नळ्या, थर्मोस्टॅट प्लेट आणि मजुरी, सगळं वेगवेगळं लावलेलं होतं. गाडी ताब्यात आली आणि रोजच्या रस्त्यावर ऑइलच्या तापमानाचा काटा ६०-६५ च्या वर चढेना. ट्यूनिंगवाला उलट मलाच म्हणतो, "साहेब, बघा इंजिन कसं गार ठेवलंय!"

खरी मेख इथेच आहे. अशा गाड्या बाळगणारा माणूस उष्णतेला घाबरतो, काटा खाली दिसला की त्याचं समाधान होतं, आणि थर्मोस्टॅट नसलेली साधी प्लेट तर काटा खालीच ठेवते, कारण ती पहिल्या मिनिटापासून सगळं ऑइल कूलरमधून फिरवते. पण थंड ऑइल घट्ट असतं. दाब फार वाढला की फिल्टरमधली बायपास झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. शिवाय ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला ते नीट तापावं लागतं. माझ्या गाडीत ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट, फेसाळ थर जमायला लागला होता. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, जाऊन कूलंट ऑइलमध्ये उतरतंय की काय, ही शंका आधी आली. पण कूलंटची पातळी जागच्या जागी होती.

मग सकाळी गार इंजिन चालू करून कूलरला हात लावला. थर्मोस्टॅट असता तर ऑइल तापेपर्यंत तो जवळजवळ थंडच राहायला हवा होता, फार तर कोमट. इथे काटा हलायला लागला आणि त्याच्या जोडीनेच कूलर तापत गेला.

विचारलं तर पहिलं उत्तर, "आपण ६० अंशांवाला टाकलाय, टर्बोला तोच लागतो." गाडी लिफ्टवर घ्यायला लावली. तेव्हा प्लेटच्या कडेला असलेल्या एका बारीक बुचाकडे बोट दाखवून म्हणाला, "हा काय थर्मोस्टॅट." ते बूच मी तिथेच उघडायला लावलं. आत काही नाही, सेन्सर बसवायचं साधं आट्यांचं भोक. तापमानाचा किंवा दाबाचा सेन्सर लावता यावा म्हणून अशी भोकं बऱ्याच प्लेटना असतात, त्यांचा थर्मोस्टॅटशी संबंध नाही. मेणाची कुपी मावेल एवढी जागाच त्या प्लेटमध्ये नव्हती. त्यावर स्वारी जराही न ओशाळता म्हणाली, "नसला तर उलट जास्त गार राहतं, तुमचाच फायदा." हे वाक्य ऐकून मला खरोखर हसू आलं.

दोन्ही प्लेटच्या किमतीतला फरक परत मिळाला, तोही फोटो आणि बिल समोर ठेवल्यावर. मजुरी मात्र नाहीच.

नवी प्लेट मी स्वतः आणली आणि बसवण्याआधी तपासली. पाण्याच्या भांड्यात प्लेट आणि थर्मामीटर ठेवून पाणी हळूहळू तापवायचं आणि आतल्या दांड्यावर नजर ठेवायची. ८० च्या पुढे तो सरकताना उघड्या डोळ्यांनी दिसतो. प्लेट पूर्ण सुकवून मगच लावावी. गाडीवर चढल्यावर फिल्टरमागे काही दिसत नाही, म्हणून ही तपासणी आधीच उरकायला हवी, शक्यतो कारागिराच्या समोर. जुनी वापरलेली प्लेट घेत असाल तर तिची उलटी लबाडीही असते. आतली कुपीच काढून घेतलेली असते. मग जवळची वाट कायम उघडी राहते, कूलरकडे ऑइल जेमतेम जातं आणि ट्रॅकवर तापमान पूर्वीसारखंच चढतं. अशा वेळी विकणारा कूलर लहान पडतोय म्हणून आणखी मोठा गळ्यात मारतो.

बिलावर नुसतं "ऑइल कूलर किट" लिहू देऊ नका. प्लेटचा पार्ट नंबर आणि थर्मोस्टॅट किती अंशांना उघडतो, हे दोन्ही लिहून घ्या, आणि रिकामा खोका मागून घ्या. माझ्या वेळी खोका "कचऱ्यात गेला" होता.