डेबियनचं 'यूएसआरमर्ज' पॅकेज: काम चोख, परतीची वाट नाही

जुन्या मांडणीतलं मशीन डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ व्या आवृत्तीवर नेताना 'यूएसआरमर्ज' हे पॅकेज न मागता येतं. 'इनिट-सिस्टीम-हेल्पर्स' हे मूलभूत पॅकेज त्याला सोबत खेचून आणतं. त्याचं काम एकच: /बिन, /एसबिन आणि /लिब या फोल्डरांमधला ऐवज /यूएसआरखाली हलवायचा आणि जुन्या जागी सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणारे दुवे, ठेवायचे. आधी 'एलएस -एलडी /बिन' चालवून बघा. उत्तरात 'यूएसआर/बिन'कडे बाण दिसला तर मशीन आधीच बदललेलं आहे. डेबियन १० पासूनची नवी इन्स्टॉलेशन्स बहुतेक तशीच असतात.

हलवाहलवी चटकन होते. अडलीच तर बहुधा एका कारणाने: एकाच नावाच्या पण वेगळ्या मजकुराच्या दोन फायली, एक /बिनमध्ये आणि एक /यूएसआर/बिनमध्ये. कुणीतरी कधीकाळी हाताने कॉपी केलेली स्क्रिप्ट, दुसरं काय! पॅकेज अंदाज न बांधता थांबतं, हे त्याचं शहाणपण. डीपीकेजी हे डेबियनमधलं पॅकेज सांभाळणारं साधन; त्याच्या 'डीपीकेजी -एस' (मोठा S) या फाइल कुठल्या पॅकेजची ते सांगणाऱ्या आदेशाला दोन्ही पाथ विचारा, जी फाइल कुठल्याच पॅकेजची नाही ती बाजूला काढा आणि पुन्हा चालवा. ओव्हरलेएफएसवर, म्हणजे डॉकर कंटेनरमध्ये, रूपांतर आपोआप होत नाही. तिथे नवी इमेज घेणंच बरं. पॅकेज नंतर काढून टाकलं तरी जुनी मांडणी परत येत नाही, त्यामुळे बॅकअप आधी.

'कशाला हवं हे?' म्हणणाऱ्यांचा जुना मुद्दा असा की /यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर असलं तरी बूट व्हायला हवं. पण डेबियन ९ पासून इनिटरॅमएफएसच (बूट होताना सर्वात आधी चढणारी छोटी इमेज) /यूएसआर माउंट करतं, आणि सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीने २५५ व्या आवृत्तीत विभागलेल्या मांडणीचा आधार काढून टाकला. तो वाद संपला. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने तर २०१२ मध्येच, १७ व्या आवृत्तीत, हे उरकलं होतं.

विरोधकांचा दुसरा आक्षेप मात्र रास्त होता. डीपीकेजीच्या लेखी /लिब/क्ष आणि /यूएसआर/लिब/क्ष या दोन वेगळ्या फायली. एका अपग्रेडमध्ये फाइलचं पॅकेजही बदललं आणि पाथही, तर नवं पॅकेज फाइल ठेवतं आणि जुनं जाताना 'आपली' म्हणून तीच पुसतं. एररही येत नाही! म्हणून डेबियनने अशी स्थलांतरं बराच काळ रोखून धरली आणि नोंदी नव्या पाथवर आणायचं काम १३ व्या आवृत्तीपर्यंत लांबलं. १२ वर 'डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/एलएस' विचारलं तर 'सापडत नाही' असं उत्तर येतं, कारण नोंद /बिनचीच आहे. मर्ज आधी आणि डीपीकेजीची समज नंतर, हा क्रमच उलटा होता. गुण कापायचे ते इथे.

१३ वर जाताना खरी अडचण /बूटची, म्हणजे कर्नल आणि इनिटरॅमएफएस ठेवायच्या जागेची, येते. ते पार्टिशन किमान ७६८ एमबीचं असावं, त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे. जुनी २५६ एमबीची पार्टिशन्स इनिटरॅमएफएस लिहिताना भरतात आणि अपग्रेड अर्ध्यावर लटकतं. आधी जुने कर्नल काढा. तरी जागा पुरेना तर 'इनिटरॅमएफएस.कॉन्फ'मध्ये 'मॉड्यूल्स=मोस्ट'चं 'डेप' (फक्त या मशीनला लागणारी मॉड्यूल्स) करून 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा. इमेज बरीच आटोपशीर होते, पण तीच डिस्क उद्या वेगळ्या कंट्रोलरच्या मशीनला लावली तर रूट, म्हणजे मुख्य पार्टिशन, सापडणार नाही.